सोसायटीच्या बागेतल्या लोकांना मराठी-हिंदीत ट्रेनिंग कसं द्यायचं

पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये बागकाम आता बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरकडे असतं आणि टीम मिक्स असते, मावश्या सोलापूर-लातूरकडच्या, पोरं बिहार-यूपीची, त्यामुळे नुसतं मराठीत सांगितलं तर अर्धे जण माना डोलावतात आणि नुसतं हिंदीत सांगितलं तर मावश्या गप्प. टीममध्ये दोन्ही भाषा चालवणारा एक जण सहसा असतोच, त्याला हाताशी धरा आणि त्या दिवसाचे वरचे पैसे द्या, दुभाषाचं काम फुकटात करून घेऊ नका.

पीपीटी नको, हॉल नको. सकाळी सातला बागेतच अर्धा तास आणि एका वेळी एकच विषय. आणि शेवटी "समजलं का?", "समझा क्या?" विचारूच नका, सगळे हो म्हणतात. "मावशी, तुम्ही करून दाखवा", "भैया, अब आप करके दिखाओ" म्हणा, मग खरं काय ते कळतं.

सुरुवात पालापाचोळ्यापासून करा, तीही फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत, कारण तेव्हाच ढीग लागतात आणि कुणीतरी कोपऱ्यात काडी लावतं. (घनकचरा नियमांनुसार बागेचा कचरा असा उघड्यावर जाळता येत नाही, हे कमिटीलाही एकदा ऐकवा.) जाळीचा तीन-चार फुटी गोल पिंजरा उभा करा, तीन घमेली सुका पाला, वर एक घमेलं लॉनचं ओलं गवत, थोडा शेणकाला, परत तेच. मग प्रत्येकाला त्यातलं मूठभर घेऊन दाबायला लावा. बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर सुका पाला वाढवा, मूठ उघडताच सगळं भुरभुर सुटलं तर पाणी शिंपडा, आणि कुजका वास आला तर उलथायला उशीर झालाय. ही मूठ एकदा कळली की भाषेचा प्रश्नच उरत नाही. पंधरा दिवसांनी एकदा उलथा, तीन-चार महिन्यांत खत तयार होतं, आंब्या-फणसाच्या जाड पानांना जास्त वेळ लागतो, ती आधी तुकडे करून टाका. उरलेला पाला झाडाखाली दोन-तीन इंच पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं.

पाण्याचं लवकर आटपतं. पाइप हातात घ्यायच्या आधी बोट मातीत दोन इंच घाला, ओलं लागलं तर आज पाणी नाही, बस. मोठ्या झाडांना रोज शिंतोडे मारण्यापेक्षा थोड्या दिवसांनी भरपूर द्या. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी असेल तर नळावर मोठ्या अक्षरात "पिऊ नका / पीने का नहीं" लिहा आणि शेजारी हात धुवायला साबण ठेवा.

औषधांवर मात्र वेळ घालवा. डब्यावरचा रंगीत चौकोन सगळ्यांच्या हातात देऊन दाखवा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, वाचता न येणाऱ्यालाही हे लक्षात राहतं. लाल-पिवळं सोसायटीत आणायचंच नाही असा नियम करून टाका, मुलं खेळतात तिथे. औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ओतायचं नाही, हे दोन्ही भाषांत दोनदा सांगा. मावा, पिठ्या ढेकूण असल्या किडीला आधी पाण्याचा फवारा, नाही गेली तर लिटरला पाच मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी.

हे सगळं शिकवलं तरी दुसऱ्या दिवशी एखादे काका खाली येऊन "कचरा का पडलाय झाडाखाली?" म्हणून ओरडणार आणि बिचारा माळी सगळं झाडून काढणार. म्हणून कमिटी आणि सुपरवायझरला त्याच अर्ध्या तासाला उभं करा, मूठ त्यांनाही दाबायला लावा. पाला बाहेर फेकायचा नाही, जाळायचा नाही, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या, नाहीतर कॉन्ट्रॅक्टर "साफ दिसलं पाहिजे" एवढंच बघतो.

माणसं सारखी बदलतात, त्यामुळे नवीन आला की त्याला जुन्यानेच शिकवायचं, आणि त्या वेळेचे पैसे कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात वेगळी ओळ टाकून द्या.