कोळशाचा शेअर घ्यायचाय? आधी ही आकडेमोड करा, मग बटण दाबा

आमच्या मावसाजींनी 2010 साली कोल इंडियाचा आयपीओ (कंपनीच्या शेअरची पहिली जाहीर विक्री) भरला होता. भाव 245, रिटेलवाल्यांना 5 टक्के सूट. माणूस नागपूरजवळच्या उमरेडच्या कोळसा खाणीत आयुष्य काढलेला, बॅलन्स शीट वगैरे वाचायच्या भानगडीत पडलाच नाही, "किती माल आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय" एवढाच त्यांचा रिसर्च. 2015 मध्ये भाव 440 च्या वर गेला, विकलं नाही. 2020 च्या ऑक्टोबरात 120 च्या खाली आला तेव्हा घरात त्यांच्यासमोर शेअरचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, आणि 2024 ला 540 पार झाला तेव्हा तेच सगळे नातेवाईक "मावसाजी, आता घेऊ का" म्हणून फोन करून राहिले. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतो. मी सेबीकडे रजिस्टर असलेला सल्लागार नाही, हे माझ्या वहीतलं आहे.

1. आधी नेमकं काय विकत घेताय ते बघा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स) हेडऑफिस रोज दिसतं म्हणून बऱ्याच जणांना वाटतं वेकोलिचा शेअर मिळतो. नाही मिळत भाऊ. वेकोलि ही कोल इंडियाची उपकंपनी, तुम्ही घेता तो कोलकात्याच्या कोल इंडियाचा शेअर. 2024-25 मध्ये सगळ्या उपकंपन्यांनी मिळून 781 मिलियन टन कोळसा काढला, त्यात वेकोलिचा वाटा दहावा हिस्साही नाही, मोठा माल येतो ओडिशा, छत्तीसगड आणि सिंगरौलीकडून. म्हणजे उमरेड रोडवर ट्रक वाढले म्हणून शेअर घ्यायचा, हा हिशोब चुकतो. बाकी नावांचंही तसंच, एनएलसी इंडिया लिग्नाइट (तपकिरी कोळसा) काढते आणि वीजही बनवते, एनटीपीसी मुख्यतः कोळसा विकत घेणारी कंपनी, आणि मॉइल आपल्या नागपूरची असली तरी ती मॅंगनीजची आहे, कोळशाची नाही. (हे मला एकाला दोनदा सांगावं लागलं.)

2. पैसा कुठून येतो ते समजून घ्या

बहुतेक कोळसा वीज केंद्रांना करारानं, ठरवलेल्या दरानं जातो. थोडा ई-लिलावात जातो, तिथे बाजार म्हणेल तो भाव. युक्रेनचं युद्ध लागलं तेव्हा 2022 ला जगभर कोळसा महागला, लिलावात भरपूर प्रीमियम मिळाला आणि नफा फुगला, तो प्रीमियम वर्षभराचा पाहुणा होता हे लोकांना नंतर कळलं. करारातला दर मात्र मनात आलं की वाढत नाही, कारण तो वाढला की तुमचं-आमचं लाइट बिल वाढतं, आणि कंपनीत 63 टक्के मालकी सरकारचीच आहे. मे 2023 अखेर वरच्या ग्रेडच्या कोळशाला 8 टक्के दरवाढ झाली, ती पाच वर्षांनी. मालक सरकार आणि मोठं गिऱ्हाईकही सरकारी, या संसारात छोट्या भागधारकाला कोण विचारतो.

दर महिन्याच्या 1 तारखेच्या आसपास कंपनी उत्पादन आणि ऑफटेकचे आकडे शेअर बाजाराला देते, ते बघायची सवय लावा. ऑफटेक म्हणजे खाणीतून प्रत्यक्ष उचललेला माल. उत्पादन वाढतंय पण ऑफटेक वाढत नाही म्हणजे खाणीवर ढीग लागून राहिलाय. आणि ऑगस्टची तुलना मार्चशी करू नका, पावसाळ्यात ओपनकास्ट (वरून उघड्या) खाणीत पाणी भरतं, रस्ते चिखल होतात, डंपर चालत नाहीत, मार्चमध्ये टार्गेट गाठायला सगळे जीव तोडून काढतात. ऑगस्टची तुलना मागच्या ऑगस्टशीच.

पगाराचा खर्चही बघा. कामगारांचा अकरावा वेतन करार मे 2023 मध्ये झाला, 19 टक्के वाढ, लागू 1 जुलै 2021 पासून पाच वर्षांसाठी. पुढचा करार लांबला की त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम आणि थकबाकी खर्चात येते आणि एखाद्या तिमाहीचा नफा एकदम बसल्यासारखा दिसतो. तसं दिसलं की घाबरून विकण्याआधी त्या तिमाहीच्या निकालाखाली छापलेली टीप वाचायची.

3. वादाला आकडा द्या

कोळसा टिकणार की संपणार, हा वाद. हा मुख्य भाग, इथे थोडं थांबा.

माझी बहीण कोराडीकडे, नागपूरजवळच्या कोळशावरच्या वीज केंद्राशेजारी राहते. तिच्याकडे कपडे वाळत घालायच्या आधी दोरी ओल्या फडक्यानं पुसावी लागते, नाहीतर पांढऱ्या शर्टावर राखेची करडी रेघ उमटते. कोराडीला 660 मेगावॅटचे आणखी दोन संच नकोत म्हणून 2023 च्या जनसुनावणीत लोक बोलले ते उगाच नाही. आणि त्याच बहिणीकडे मे महिन्यात 45 डिग्रीला रात्री लाइट गेली की पहिला फोन ती वीज कंपनीला करते. दोन्ही खरं आहे.

देशाचंही तसंच चाललंय. 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत "कोळसा बंद" चं "कोळसा कमी" करून घेतलं, नेट झिरोसाठी (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषू) 2070 सांगितलं. 2025 च्या मध्यापर्यंत वीज बनवायच्या एकूण क्षमतेतला निम्मा हिस्सा बिगर-जीवाश्म (सोलर, वारा, पाणी, अणु वगैरे) झाला, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे, कारण सोलर संध्याकाळी झोपतो आणि कूलर-एसी रात्री चालतात. स्वस्त बॅटऱ्या भरपूर आल्या तर हे बदलेल. "कोळसा संपला" म्हणणाराही चुकतो आणि "शंभर वर्षं काही होत नाही" म्हणणाराही.

मग आपण काय करायचं? समजा भाव 400 आहे. 2024-25 चा डिव्हिडंड (नफ्यातून भागधारकांना वाटलेला पैसा) शेअरमागे 26.50 होता, 26 धरू. दहा वर्षं तेवढाच मिळाला तर 260 परत आले, म्हणजे फक्त मुद्दल सुटायला दहा वर्षांनी तो शेअर 140 ला कोणीतरी घ्यायला पाहिजे. आता हाच हिशोब 16 नं करा, कारण 2020-21 ला तेवढाच मिळाला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी 12. 16 नं दहा वर्षांत 160 येतात, म्हणजे 240 ला घेणारा पाहिजे. यात महागाई आणि टॅक्स धरलाच नाही. आता स्वतःला विचारा, दहा वर्षांनी 140 ला गिऱ्हाईक असेल? 240 ला? कोळशावरचा सगळा वाद तुमच्यापुरता या एका प्रश्नात आला. उत्तर येत नसेल तर एफडी बरी, तिथे मुद्दल तरी परत येते.

पीई (भाव शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट) एक आकडी दिसतो म्हणून "स्वस्त आहे" म्हणू नका. बरेच परदेशी फंड कोळशाला हातच लावत नाहीत, गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी, आणि ते गिऱ्हाईक उद्या परत येईल असं काही नाही.

4. घेताना

सरकार मधून मधून आपला हिस्सा ओएफएसनं (ऑफर फॉर सेल) विकतं, तेव्हा भाव दबतो. जून 2023 ला फ्लोअर (विक्रीचा किमान भाव) 225 होता. पण ओएफएस म्हणजे स्वस्तच असं नाही, जानेवारी 2015 ला फ्लोअर 358 होता आणि तेव्हा मी हावरटासारखा घेतला, मग कितीतरी वर्षं पोर्टफोलिओतली ती लाल ओळ बघत बसलो.

डिव्हिडंड जाहीर झाला म्हणून घाईनं उड्या मारू नका. एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर त्या डिव्हिडंडशिवाय विकला जातो) दिवशी घेतला तर डिव्हिडंड मिळत नाही, आदल्या दिवशीपर्यंत घ्यावा लागतो, आणि एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. फुकट काही नाही बाप्पा. डिव्हिडंड तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्सेबल आहे, वर्षाला एका कंपनीकडून 10,000 च्या वर गेला की 10 टक्के टीडीएस कापतात. 30 टक्क्यांच्या स्लॅबवाल्यानं वरचा 26 चा आकडा 18 धरून परत मांडावा. वर्षभरानंतर विकला तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के, आधी विकला तर 20 टक्के.

एकदम सगळे घेऊ नका, तीन-चार वेळा थोडे थोडे, लिमिट ऑर्डर (याच्या वर घेणार नाही असा भाव देऊन) टाकून. आणि ज्याच्या घरात वेकोलिची पेन्शन येते किंवा दुकान खाणीच्या गिऱ्हाइकावर चालतं त्यानं तर अजूनच कमी घ्यावे, तुमचं घर आधीच कोळशावर उभं आहे.

घेताना वहीत विकायचं वर्ष आणि कारण लिहा. माझ्या वहीत लिहिलंय, डिव्हिडंड सलग दोन वर्षं 15 च्या खाली गेला की बाहेर.

शेवटचं, डीमॅटला नॉमिनी टाका. मावसाजींचा इतक्या वर्षांत टाकलेलाच नव्हता, गेल्या रविवारी मीच मोबाईलवर बसून मावशीचं नाव भरून दिलं. विकायचा विषय काढला तर म्हणाले, "तू पोहे खा आधी, तर्री थंड होऊन राहिली."