बालीला निघताय? व्हिसाच्या कागदांत या चुका टाळा

इंडोनेशियातील बाली बेटावर जाणाऱ्या भारतीय पर्यटकाला वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत, मुलाखतीला बसावे लागत नाही आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंटही जोडावे लागत नाही. देनपसारच्या विमानतळावर उतरल्यावर ५ लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण अडीच ते तीन हजार रुपये भरले की ३० दिवसांचा व्हिसा हातात पडतो. व्हिसा इतका सोपा असल्यामुळेच माणसे गाफील राहतात. गेली काही वर्षे नात्यातल्या आणि सोसायटीतल्या मंडळींची अशा सहलींची कागदपत्रे मी निघण्याआधी तपासून देते. त्यावरून सांगते, की बालीची सहल बालीत क्वचितच अडते. ती अडते मुंबईच्या विमानतळावर, पहाटे तीन वाजता, बोर्डिंग पास देणाऱ्या काउंटरवर.

प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी ज्या विमान कंपनीने त्याला नेले तिच्यावर येते. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक नावाच्या संगणकीय नोंदवहीत त्या देशाचा नियम पाहतो आणि तेथे जे लिहिले असेल तेवढेच मान्य करतो. ‘तिथे गेल्यावर बघून घेऊ’ हे वाक्य त्याच्यापुढे चालत नाही.

‘आम्ही गेलो तेव्हा व्हिसाच लागला नव्हता’

हे सांगणारा एक तरी काका प्रत्येक गटात असतो, आणि तो खोटेही बोलत नसतो. २०१६ मध्ये इंडोनेशियाने १६९ देशांच्या नागरिकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली होती आणि त्या यादीत भारत होता. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ती सवलत स्थगित झाली आणि जून २०२३ मध्ये बहुतेक देशांसाठी रीतसर रद्द झाली. आता भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल घ्यावा लागतो किंवा तोच व्हिसा घरबसल्या ऑनलाइन काढावा लागतो, ज्याला ई-व्हीओए म्हणतात. अडचण अशी, की २०१७ ते २०१९ या काळात लिहिलेली प्रवासवर्णने आणि केलेले व्हिडिओ अजून सर्वत्र फिरत असतात, आणि त्यांतला ‘बाली व्हिसा फ्री आहे’ हा सल्ला तारीख न पाहता घेतला जातो. कोणताही सल्ला घेताना तो कोणत्या वर्षीचा आहे हे आधी पाहावे.

तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत

माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन कुटुंबांपैकी एकाची ही गल्लत झालेली असते. बालीला जाताना तीन वेगवेगळ्या नोंदी कराव्या लागतात आणि तिन्हींच्या शेवटी मोबाइलवर क्यूआर कोड किंवा पावती येते, म्हणून एक झाली की सगळे झाले असा समज होतो.

पहिली नोंद व्हिसाची, जिचा उल्लेख वर आला. दुसरी पर्यटन कराची. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचे सरकार प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया घेते आणि ती रक्कम ‘लव्ह बाली’ या संकेतस्थळावर आधी भरता येते. तिसरी नोंद म्हणजे आरोग्य, सीमाशुल्क आणि आगमन यांची माहिती एकत्र देणारा ‘ऑल इंडोनेशिया’ हा अर्ज. तो सप्टेंबर २०२५ पासून बालीच्या विमानतळावर लागू झाला असून पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. पर्यटन कर भरलेली पावती म्हणजे व्हिसा नव्हे, आणि ऑल इंडोनेशियाचा क्यूआर कोड म्हणजेही व्हिसा नव्हे. नात्यातल्या एका सूनबाईंनी चौघांचा पर्यटन कर भरून त्या पावत्यांच्या रंगीत प्रती काढल्या होत्या आणि त्यांवर पेनाने ‘व्हिसा’ असे लिहून त्या फाइलमध्ये लावल्या होत्या. ती फाइल निघण्याच्या चार दिवस आधी माझ्या हाती आली, म्हणून निभावले.

यातच दुसरा खड्डा आहे. या तिन्ही नोंदींची नक्कल करणारी संकेतस्थळे शोधयंत्रात वरच्या बाजूला, जाहिरात म्हणून दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. ऑल इंडोनेशियाचा अर्ज विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तेथेच थांबावे. खूण अगदी सोपी आहे. इंडोनेशियाच्या सरकारी संकेतस्थळांच्या मुख्य पत्त्याचा शेवट ‘डॉट गो डॉट आयडी’ असा असतो, आणि वरील तिन्ही नोंदी अशाच पत्त्यांवर होतात. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ दिसले की कार्डाचा नंबर टाकू नये.

लहान मुलांबाबतही विचारणा होते. कडेवरच्या बाळाचा पासपोर्ट वेगळा असतो, म्हणून त्याचा व्हिसाही वेगळा आणि त्याचे ५ लाख रुपियाही वेगळे भरावे लागतात.

पासपोर्ट: तारीख आणि तब्येत

पासपोर्ट इंडोनेशियात पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असला पाहिजे. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण हिशेब चुकतो, कारण लोक आजच्या तारखेपासून मोजतात. पासपोर्ट २० मे रोजी संपणार असेल आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये तिकिटे काढली असतील, तर त्या दिवशी सात महिने शिल्लक दिसतात; पण २५ डिसेंबरला तुम्ही देनपसारला उतरता तेव्हा पाचच महिने उरलेले असतात आणि तुम्हाला मुंबईतूनच परत फिरावे लागते. आईवडिलांचे पासपोर्ट दहा वर्षांचे आणि लहान मुलांचे पाच वर्षांचे असतात, आणि संपूर्ण कुटुंबाचे एकाच दिवशी काढलेले असले तरी ते एकाच दिवशी संपत नाहीत. दर वेळी मुलांचाच पासपोर्ट निसटतो.

पासपोर्टची तब्येत हा त्याहून दुर्लक्षित विषय. फाटलेल्या, भिजलेल्या किंवा शिवण उसवलेल्या पासपोर्टबाबत बालीच्या विमानांचे कर्मचारी फार काटेकोर असतात. आमच्या थोरल्या दिरांचा पासपोर्ट लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी नऊ वर्षे जपून ठेवलेला होता. चार पावसाळ्यांच्या दमटपणाने फोटोच्या पानावरचे प्लास्टिक एका कोपऱ्यातून सुटले होते, जेमतेम बोटाच्या पेराएवढे. काउंटरवरच्या मुलीने त्या कोपऱ्याखाली अलगद नख घातले, पान दिव्याकडे धरून वाकवून पाहिले आणि काही न बोलता वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांनीही तेच केले. जाऊबाई आणि मुले विमानात बसली. दीर दोन बॅगांपैकी एक घेऊन पहाटे पाच वाजता ठाण्याला घरी परतले. त्या मुलीची चूक नव्हती. तो कोपरा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि ‘एवढे काय त्यात’ म्हणून सोडून दिला होता. सुटलेले पान फेविकॉलने चिकटवणे किंवा वरून सेलोटेप लावणे तर मुळीच करू नये, कारण मग ती फेरफार दिसते. असा पासपोर्ट असेल तर तिकीट काढण्याआधीच नवा काढून घ्यावा. शिक्के मारायला पुरेशी कोरी पाने आहेत का हेही तेव्हाच पाहावे, आणि प्रेक्षणीय स्थळांवर हौसेने मारले जाणारे आठवणींचे शिक्के पासपोर्टवर कधीच मारून घेऊ नयेत.

घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या जुन्या पासपोर्टवर कधी कधी ‘ईसीआर’चा शिक्का असतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो येतो, आणि ज्या १८ देशांत नोकरीसाठी जाताना या मंडळींना सरकारी परवानगी लागते त्यांत इंडोनेशिया आहे. ही अट नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, सहलीला जाणाऱ्यांना नाही. तरीही इमिग्रेशनच्या रांगेत अधिकाऱ्याने विचारले तर गोंधळून जाऊ नये म्हणून परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण त्यांच्याच हातात द्यावे, मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवू नये.

अर्ज भरताना

ई-व्हीओएचा अर्ज भरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्यात दुरुस्तीला जवळजवळ जागा नसते. एकदा पैसे भरल्यावर चूक सापडली तर ते परत मिळत नाहीत. नवा अर्ज करून पुन्हा भरावे लागतात. सर्वांत महागात पडते ती पासपोर्ट क्रमांकातली चूक. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर आणि नंतर सात अंक असतात, म्हणजे पहिल्या अक्षरानंतर जे गोल दिसते ते शून्यच असते, ‘ओ’ नव्हे. पासपोर्ट नुकताच नवा काढला असेल तर जुन्याचा क्रमांक सवयीने टाकला जातो; तो व्हिसा नव्या पासपोर्टला चालत नाही.

नावाचा घोळ तर खास आपला आहे. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र असते. तिकीट काढताना मधले नाव कोणी घालते, कोणी गाळते. लग्नानंतर आधार कार्डावर सासरचे आडनाव आले असले तरी पासपोर्टवर माहेरचेच असते, आणि तिकीट आधारवरून काढले जाते. अर्जात आणि तिकिटात नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहावे. शंका आली तर फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या बाणांच्या चिन्हांच्या दोन ओळी पाहाव्यात. विमानतळावरचे यंत्र त्याच वाचते.

पैसे भरताना कार्ड नाकारले जाण्याचे कारण बहुधा घरचेच असते. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात, आणि ते बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच सुरू करायचे असतात. प्रवासात मधल्या विमानतळावर बसून अर्ज भरायचा बेत असेल तर तो सोडावा, कारण रोमिंग नसलेल्या सिमवर बँकेचा ओटीपी येत नाही. मात्र फार आधीही अर्ज करू नये. हा व्हिसा मिळाल्यापासून ९० दिवसांत वापरावा लागतो.

परतीचे तिकीट आणि मधला थांबा

इंडोनेशियातून बाहेर पडण्याचे तिकीट दाखवावे लागते. ते भारताचेच हवे असे नाही. सिंगापूरचे किंवा बँकॉकचेही चालते, पण ते ३० दिवसांच्या आतले हवे. काही एजंट दाखवण्यापुरते आरक्षण करून देतात आणि ते दोन दिवसांत आपोआप रद्द होते. काउंटरवर क्रमांक टाकून पाहिला की ते रद्द झालेले दिसते, आणि मग रांगेत उभे राहून मोबाइलवर मिळेल त्या भावाने खरे तिकीट घ्यावे लागते.

स्वस्ताईसाठी मुंबई ते सिंगापूर एक तिकीट आणि सिंगापूर ते बाली दुसरे, अशी जोडणी करणाऱ्यांनी विशेष जपावे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि सामान थेट बालीला जात असेल तर विमानतळाच्या आतच विमान बदलता येते. तिकिटे वेगळी असून सामान स्वतः उचलून पुन्हा द्यायचे असेल, तर सिंगापुरात प्रवेश करावा लागतो आणि भारतीयांना त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा लागतो. क्वालालंपूरमार्गे जाणाऱ्यांना १ डिसेंबर २०२३ पासून मिळालेल्या व्हिसामाफीचा आधार आहे, पण ती ठरावीक मुदतीपुरती दिलेली सवलत असल्याने निघण्यापूर्वी तिची तारीख पाहून घ्यावी.

दिवसांची मोजणी

ज्या दिवशी शिक्का पडतो तो पहिला दिवस. १ जानेवारीला रात्री पावणेबाराला तुम्ही इमिग्रेशन ओलांडले तर ती पंधरा मिनिटे हा एक पूर्ण दिवस धरला जातो आणि ३० जानेवारी हा शेवटचा दिवस ठरतो. ‘महिनाभराचा व्हिसा’ असे म्हणत राहिले की ३१ तारखेचे तिकीट निघते. मुदत ओलांडल्यावर प्रत्येक दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे, म्हणजे एका दिवसाचा दंड व्हिसाच्या दुप्पट. आणि ६० दिवसांहून अधिक राहिल्यास हकालपट्टी आणि पुन्हा प्रवेशास बंदी. मुदत एकदा आणखी ३० दिवसांनी वाढवता येते, पण २०२५ पासून त्यासाठी फोटो आणि मुलाखतीला इमिग्रेशन कचेरीत स्वतः जावे लागते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर हे काम टाकू नये. या व्हिसावर कमाईचे काम करता येत नाही. प्री-वेडिंग शूटसाठी पुण्याहून फोटोग्राफर सोबत नेणाऱ्या जोडप्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बालीच्या हिंदूंचे वर्षही आपल्यासारखेच शकाचे आहे आणि त्यांचा नववर्षाचा दिवस, न्येपी, बरेचदा आपल्या पाडव्याच्या आसपास येतो: २०२५ मध्ये तो गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी होता आणि २०२६ मध्ये नेमका पाडव्यालाच, १९ मार्चला, दोन्हीकडे शके १९४८. आपण त्या दिवशी गुढी उभारून घराबाहेर पडतो. बालीत दिवे मालवून घरात बसतात, रस्त्यावर पाऊल टाकू देत नाहीत, आणि विमानतळ सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत बंद असतो. तुमचा तिसावा दिवस न्येपीवर येत असेल, तर परतीचे तिकीट आदल्या दिवसाचे काढावे.