नागपंचमीचे पुरणाचे दिंड: या चुका टाळा

श्रावण शुद्ध पंचमीला सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अनेक घरांत चूल पेटते, पण तिच्यावर तवा चढत नाही, कढईत तळण पडत नाही आणि विळीही हातात घेतली जात नाही. त्या दिवशीचा नैवेद्य म्हणजे कणकेच्या पारीत पुरण ठेवून, चौकोनी घडी घालून वाफवलेले दिंड. ते बिघडतात तेव्हा कारण बहुधा एकच असते: पुरणपोळीची सवय झालेला हात दिंडालाही पोळीचेच नियम लावतो आणि पंचमीच्या कहाणीने घातलेली बंधने आयत्या वेळी आठवतात.

कहाणी थोडक्यात अशी. शेत नांगरताना फाळ लागून वारुळातली नागिणीची पिल्ले मेली. संतापलेल्या नागिणीने शेतकऱ्याच्या घरातल्या सर्वांना दंश केला आणि सासरी असलेल्या लेकीलाही डसायला ती तिच्या गावी गेली. तेव्हा ती लेक पाटावर चंदनाने नाग काढून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवीत होती. पूजा पाहून नागीण शांत झाली, तिने लेकीला अमृत दिले आणि माहेरची माणसे उठून बसली. म्हणून पंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, चिरायचे नाही, तळायचे नाही. तवा नागाच्या फण्यासारखा दिसतो म्हणून तोही ठेवायचा नाही, असे जुन्या बायका सांगतात.

पहिली चूक येथेच होते. भाजी चिरायची नाही हे सर्वांच्या लक्षात राहते, पण सकाळी डाळ शिजत आली की गूळ चिरायला विळी काढली जाते. भावाच्या उपवासाच्या दिवशी, म्हणजे चतुर्थीलाच, संध्याकाळी गूळ चिरून डब्यात भरावा, वेलदोडा कुटावा, जायफळ किसावे आणि आमटीचे वाटणही करून ठेवावे. ते राहूनच गेले असेल, तर गुळाचा खडा बत्त्याने फोडून घ्यावा.

सर्वांत जास्त घोटाळा पुरणात होतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर हरभऱ्याची डाळ लवकर गळत नाही, कारण त्या पाण्यातील क्षार डाळीचे साल नसलेले दाणेही घट्ट धरून ठेवतात; अशा वेळी डाळ दोन-तीन तास भिजवून, शक्य असल्यास पिण्याच्या गोड पाण्यात शिजवावी. डाळ बोटांत दाबून पूर्ण मोडते आहे, हे पाहिल्याशिवाय गूळ घालू नये, कारण गूळ पडला की कच्चा दाणा मऊ होत नाही आणि मग पुरण कितीही वाटले तरी कणी लागतेच. दिंड वाफेवर शिजतात, म्हणजे त्यांना बाहेरून ओलावा मिळतच असतो. त्यामुळे येथे पुरण पोळीच्या पुरणापेक्षा कोरडे हवे. डाळीतले पाणी निथळून आमटीसाठी बाजूला काढावे, एका वाटी डाळीला पाऊण ते एक वाटी गूळ घ्यावा आणि पुरणात उलथने उभे राहीपर्यंत ते आटवावे. सैल राहिले, तर मंद आचेवर पुन्हा परतावे. सैलपणा झाकायला कणीक किंवा बेसन मिसळू नये, त्याने चव जाते.

कणीक पुरणपोळीसारखी सैल मळली, तर दिंड वाफेत पसरतात. गव्हाचे पीठ, चमचाभर तेल आणि मीठ घालून पुरीपेक्षा किंचित मऊ कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवावी. मैदा घालू नये. वाफेवर तो चिकट होतो. पारी लाटताना कोरडे पीठ फार लावले, तर घडीच्या कडा एकमेकींना धरत नाहीत आणि दिंड उलतात. पारीच्या मधोमध पुरण ठेवावे, समोरासमोरच्या दोन बाजू एकीवर एक आणाव्यात, मग उरलेल्या दोन बाजू, आणि शेवटच्या कडेला पाण्याचे बोट लावून हलके दाबावे.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच चाळण ठेवावी. तिच्यावर ओला सुती कपडा किंवा आदल्या दिवशी तोडून आणलेले हळदीचे पान घालावे आणि दिंडांत बोटभर अंतर सोडावे. झाकणाला आतून कपडा बांधला नाही, तर वाफेचे पाणी ठिबकून वरची घडी चिकट लगदा होते. बारा ते पंधरा मिनिटांत दिंडांवर तकाकी येते आणि ओले बोट लावले तरी कणीक चिकटत नाही. त्यापुढे ठेवल्यास ते चिवट होतात. वाढताना सुरीने दोन भाग करणे हीदेखील चूकच; दिंड हाताने मोडावा आणि त्यावर साजूक तुपाची धार सोडावी. उललेला दिंड पुन्हा वाफवत बसू नये, तो गुळवणीत मोडून चांगला लागतो.

नैवेद्य कोणाला दाखवायचा, याबाबतही चूक होते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात अशी कथा सांगतात की, महाजनांच्या घरी गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत असताना गोरक्षनाथ भिक्षेला आले आणि त्यांनी तो नाग जिवंत केला. त्या कथेतही पूजा मातीच्याच नागाची होती. साप दूध पचवू शकत नाही आणि विनापरवाना नाग पकडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे मातीचा किंवा पाटावर काढलेला नाग पुजावा आणि दूध-लाह्या, दिंड त्याच्यापुढे ठेवावेत.

उरलेले दिंड त्याच दिवशी तुपात तळायचा मोह टाळावा. ते ओल्या कपड्यात झाकून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी तवा चुलीवर आला की दोन्ही बाजूंनी तुपावर खरपूस भाजून घ्यावेत.