आधी आधार, मग कर्ज : अतिगरीब कुटुंबासाठी क्रम कसा लावावा

ज्या घरात उद्याच्या धान्याची खात्री नाही, त्या घराला दिलेले कर्ज धंद्यात न जाता दवाखान्यात आणि वाण्याच्या उधारीत जिरते. हप्ता मात्र मानेवर राहतो. म्हणून पुण्याच्या वस्त्यांत बचत गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी कर्जाचा अर्ज भरण्याआधी त्या घराची शिधापत्रिका पाहावी.

अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मोफत मिळते. घरात विधवा, दिव्यांग किंवा निराधार व्यक्ती असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्यावा. त्यासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साधारणपणे २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. पुण्यासारख्या शहरात ही मर्यादा हास्यास्पद वाटावी इतकी तोकडी आहे, पण नियम तोच आहे.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८५ पासून धान्याच्या मदतीला प्रशिक्षणाची आणि लहान कर्जाची जोड दिली. तरीही सर्वांत गरीब बायका मागेच राहतात असे दिसल्यावर २००२ मध्ये तिने त्यांना कर्जाऐवजी गाय-शेळीसारखे साधन, काही काळ निर्वाहभत्ता आणि घरी नियमित भेटी देण्यास सुरुवात केली.

कर्जाची रक्कम घराची गरज पाहून नव्हे, धंद्याची उलाढाल पाहून ठरवावी. समजा, एखादी बाई पहाटे मार्केट यार्डातून कोथिंबीर-मेथीच्या जुड्या आणून वस्तीत विकते, त्यासाठी सकाळी सावकाराकडून हजार रुपये उचलते आणि संध्याकाळी अकराशे परत करते. महिन्यात पंचवीस दिवस धंदा झाला, तर अडीच हजार रुपये नुसत्या व्याजात गेले. तिला गटाच्या अंतर्गत कर्जातून दीड हजार रुपये मिळाले, तरी ही उचल थांबते, आणि आठवड्याला दीडशेचा हप्ता सावकाराला जाणाऱ्या पैशांतूनच सुटतो. ही परतफेड सुरळीत झाली, की मगच पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेच्या कर्जाकडे वळावे. २०२५ च्या फेररचनेनंतर त्याचा पहिला टप्पा १५,००० रुपयांपर्यंतचा आहे.

कर्जासोबत विमाही उतरवावा. वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा (आयुर्विमा) मिळतो, प्रत्येकी दोन लाखांचा. मात्र जीवन ज्योतीसाठी नोंदणीच्या वेळी वय पन्नासच्या आत हवे. नूतनीकरणाची रक्कम मे महिन्याअखेर खात्यातून वळती होत असल्याने तेवढी शिल्लक तेव्हा खात्यात असावी.

अनुदान ज्या खात्यात जमा होते, त्याच खात्यातून कर्जाचा हप्ता आपोआप कापून घेण्याची संमती मात्र कधीही देऊ नये.