नर्सिंगच्या पहिल्या नोकरीसाठी खान्देश सोडताय? या चुका टाळा

निकाल लागले की फोन सुरू होतात. "ताई, पुण्याच्या एका हॉस्पिटलात सिलेक्शन झालंय, परवाच जॉइन व्हायला सांगितलंय. काय करू?" फोन करणारी पोर कधी शिरपूरची असते, कधी पाचोऱ्याची, कधी तळोद्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. "काय करू" असं विचारत असली तरी तिकीट काढून झालेलं असतं आणि गल्लीत पेढेही वाटून झालेले असतात. मग दोन महिन्यांनी पुन्हा तिचाच फोन येतो आणि या वेळी ती रडत असते. दर बॅचला हेच चालतं, आणि चुकाही त्याच त्याच.

जावं का, याबद्दल मला शंका नाही. जावंच. तालुक्याच्या दहा खाटांच्या दवाखान्यात हात बसतो, सलाईन लावता येतं, डिलिव्हरीला उभं राहता येतं. पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट, डायलिसिस, शिरेतून औषध मोजून सोडणारे, रात्रभर चालणारे इन्फ्युजन पंप हे शिकायला मोठं हॉस्पिटलच लागतं. माझा सगळा राग घाईवर आहे. तीन-चार वर्षं घासून शिकलेली पोर शेवटच्या आठ दिवसांत कोणाच्याही सांगण्यावर कुठेही सही करते, ते मला बघवत नाही.

मूळ कागद हातातून सोडणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवते, कारण हिची भरपाई होत नाही.

जॉइन होण्याच्या दिवशी एचआरमधला माणूस गोड बोलून म्हणतो, "ओरिजनल जमा करा, व्हेरिफिकेशन झालं की परत देतो." नवी मुलगी घाबरलेली असते. समोर टेबल, मागे रांग. ती अख्खी फाइल देऊन टाकते.

धडगावकडची एक मुलगी माझ्या ओळखीची. घरातली पहिली शिकलेली. तिने अशीच फाइल दिली. दहावी-बारावीच्या मार्कशीट, जीएनएमचे (नर्सिंगच्या डिप्लोमाचे) तिन्ही वर्षांचे निकाल, नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याच फाइलमध्ये जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्रसुद्धा. हॉस्पिटलला वैधतेचा काय उपयोग? पण फाइल एकच होती, म्हणून सगळंच गेलं. काही महिन्यांनी सरकारी स्टाफ नर्सच्या भरतीत तिचं नाव लागलं आणि कागदपत्र तपासणीला मूळ कागद घेऊन या, असं पत्र आलं. ती एचआरला गेली. तिथे सांगितलं, तुमचा एक वर्ष नोकरी न सोडण्याचा बाँड आहे, जायचं असेल तर दोन महिन्यांचा पगार भरा आणि कागद न्या. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी कपाटाची चावी नाही. वडील धडगावहून एसटीने नंदुरबार आणि तिथून रेल्वेने आले, दोन रात्री हॉस्पिटलच्या आवारात झोपले. मला फोन आला तेव्हा मी तिला एकच सांगितलं, तोंडी बोलणं बंद कर. लेखी अर्ज दे, त्यात प्रत्येक कागदाचं नाव लिही, आवक विभागाचा शिक्का आपल्या प्रतीवर घे आणि एक प्रत नर्सिंग कौन्सिलला पाठवते आहेस असं अर्जातच लिही. शिक्का बसल्यावर फाइल निघाली, तीही एक पैसा न भरता. पण तपासणीची तारीख तोवर गेली होती. पुढच्या भरतीपर्यंत तिला थांबावं लागलं.

भारतीय नर्सिंग परिषदेने सेवेच्या बाँडविरुद्ध आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याविरुद्ध परिपत्रकं काढलेली आहेत. म्हणजे कागद मागणाऱ्यापुढे मान खाली घालायचं काहीच कारण नाही. शांतपणे म्हणायचं, "सर, ओरिजनल दाखवते, तुम्ही झेरॉक्सशी ताडून घ्या." ताडून झालं की फाइल पिशवीत. फारच अडले तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पोच मागा. त्यात कागदांची यादी, परत देण्याची तारीख, सही आणि शिक्का हवा. पोच नाही तर कागद नाही. कोरा चेक मागितला तर मात्र पोचही नको, सरळ घरी या.

माझी स्वतःची पद्धत अशी: जॉइनिंगला सोडायला वडील किंवा भाऊ येतोच, मूळ फाइल त्यांच्याच हाती त्याच रात्रीच्या गाडीने घरी परत. होस्टेलच्या कॉटखालच्या ट्रंकेत ती राहू द्यायची नाही. जातीचा दाखला आणि वैधता यांची फाइल वेगळी ठेवायची आणि खासगी नोकरीला ती न्यायचीच नाही.

नोंदणीला "नंतर बघू" म्हणणं

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येण्याआधी "स्टाफ नर्स" म्हणून उभं राहू नका. ट्रेनी म्हणून घेतो, पगार कमी, नोंदणी आली की बघू, असं सांगणारे पुष्कळ असतात. नोंदणीशिवायचे हे महिने पुढे अनुभव म्हणून दाखवताना अडचण येते, आणि त्या काळात काही अघटित घडलं तर कागदावर तुम्ही नर्सच नसता.

नंदुरबारच्या पोरींची वेगळी गंमत. त्यांना मुंबईपेक्षा सुरत जवळ. ताप्ती लाइनच्या गाडीत बसलं की दुपारपर्यंत पोचतात, अहिराणी बोलणारीला गुजराती कानावर लवकर बसते, म्हणून पुष्कळ जणी तिकडेच जातात. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे, त्यामुळे राज्य बदललं हे जाणवतच नाही. पण कौन्सिल बदलतं. गुजरातमध्ये काम करायचं तर गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि त्यासाठी आधी आपल्या कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी. हे काम आठवड्यात होत नाही. ऑफर आली त्याच दिवशी अर्ज टाका. "तिकडे कोणी विचारत नाही ताई" हे वाक्य मला ऐकवू नका. विचारतात, आणि नेमकं नको त्या दिवशी विचारतात.

आणखी एक. नोंदणी एकदाच करून संपत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे, क्रेडिट पॉइंट लागतात. हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या कार्यशाळांचे सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून एका पाकिटात जमवा.

पगार फोनवर ऐकून हो म्हणणं

फोनवर सांगितलेला आकडा बहुतेक वेळा सीटीसी, म्हणजे हॉस्पिटलचा तुमच्यावरचा एकूण खर्च असतो. त्यात पीएफचा हॉस्पिटलचा वाटाही धरलेला असतो, काही ठिकाणी होस्टेलचं भाडं आणि मेसचे पैसेही कापले जातात. विचारायचं एकच: "हातात किती, आणि कशातून काय कापणार?" उत्तर ईमेलवर मागा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी (कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना) लागू होते का तेही विचारा. अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्यात उपचार मिळतात, आणि ही गोष्ट नव्या मुलींना कोणी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नको, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार हवा, असं त्यात आहे. सगळीकडे हे मिळत नाही. पण बारा हजारांत आयसीयू सांभाळायला बोलावणाऱ्याचं बोलणं ऐकताना हा आकडा डोक्यात असू द्या. आणि पहिला पगार देण्याआधी "रजिस्ट्रेशन फी" मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही नको. चांगलं हॉस्पिटल नोकरीसाठी नर्सकडून पैसे घेत नाही.

"येतं मला"

माझी दुसरी आवडती चूक. आवडती म्हणजे, हिच्यावर मी कितीही बोलू शकते.

छोट्या दवाखान्यात काम केलेली पोर मोठ्या ठिकाणी जाते. सगळ्या मुली फाड-फाड इंग्रजी बोलतात, केरळच्या सिस्टर आहेत, हिला वाटतं आपल्याला काही येत नाही हे कळलं तर काढून टाकतील. मग ती प्रत्येक गोष्टीला "येतं मला" म्हणते.

चोपड्याकडची एक मुलगी मेडिकल वॉर्डात माझ्या हाताखाली आली होती. इन्सुलिन विचारलं तर म्हणाली, "रोज देत होते." खरंही होतं. पण तिच्या दवाखान्यात कायम एका मिलीत ४० युनिटची बाटली आणि लाल टोपीची ४० ची सिरिंज. आमच्याकडे एका पेशंटला एका मिलीत १०० युनिटचं इन्सुलिन चालू होतं, त्याला नारंगी टोपीची १०० ची सिरिंज लागते. ट्रेमध्ये लाल टोपीच्या सिरिंजही होत्या. तिने ओळखीची उचलली, दहाच्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. ४० च्या सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे पाव मिली. १०० च्या बाटलीतलं पाव मिली म्हणजे २५ युनिट. दहाच्या जागी पंचवीस.

राउंड घेताना मला आजोबांचं कपाळ ओलं दिसलं, बोलणं बरळल्यासारखं. शुगर ४८, म्हणजे फारच खाली. शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिलं, डॉक्टर धावत आले, पहाटेपर्यंत दर थोड्या वेळाने शुगर बघत बसलो. आजोबा वाचले. मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाटली वेगळी दिसत होती ताई, पण विचारायची लाज वाटली." बाटली वेगळी आहे हे तिला दिसलं होतं. नजर तिची चांगलीच होती, तोंड उघडलं नाही इतकंच.

त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मी एक सवय लावते. बाटली आणि सिरिंज एका हातात शेजारी धरायची आणि दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. शेजारची सिस्टर हसली तरी वाचायचा. पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपॅरिन ही तीन औषधं पहिले काही महिने दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय द्यायचीच नाहीत. यूट्यूबवर पाहून इन्फ्युजन पंप लावायला जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तुमच्या वॉर्डातली कंपनी आणि व्हिडिओतली कंपनी एकच असेल असं नाही. इन्चार्जला म्हणा, "सिस्टर, मला एकदा दाखवा, मग तुमच्यासमोर मी करते." एवढं बोलल्यावर माझ्या माहितीत आजवर कोणाची नोकरी गेलेली नाही.

बारीकसारीक, पण महागात पडणारं

हेपॅटायटिस बीचे तीन डोस जाण्याआधीच सुरू करा, कारण शून्य, एक आणि सहा महिन्यांचं वेळापत्रक असतं. सुई टोचली तर बोट दाबत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा; एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. "सिस्टर ओरडतील" म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि त्यांच्यापेक्षा मला जास्त भीती वाटली आहे.

राहायची जागा हॉस्पिटलपासून चालत जाण्याइतकी हवी, भाडं पाचशे जास्त पडलं तरी. नाइट संपवून दोन बस बदलणारी मुलगी महिन्याभरात आजारी पडते. घरी आई विचारते, "तठे आपलं कोन शे?" (तिथे आपलं कोण आहे?) तिला खोलीचा पत्ता, घरमालकिणीचा नंबर आणि वॉर्डाचा नंबर लिहून द्या, "आहेत मैत्रिणी" हे उत्तर चालत नाही.

नाइटनंतर झोपायच्या वेळेत घरचे फोन घेऊ नका. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर ते रुसतात.

अहिराणी ऐकू येईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी ते सोडून द्यावं. बिलाच्या काउंटरवर भांबावलेले अमळनेर-साक्रीचे पेशंट मोठ्या शहरातही भेटतात, आणि आपली बोली ऐकून त्यांचं बीपी खाली येतं.

आखाजीची रजा आणि न सांगता घरी येणं

एप्रिल-मे आला की आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, श्रावणात कानबाईचा सण. नवी मुलगी जॉइन होऊन महिना झालेला नसतो आणि रजेचा अर्ज टाकते. नाही मिळाली की बॅग भरून गाडीत बसते आणि फोन बंद. पहिल्या तीन महिन्यांत सणाची रजा मागू नका. दिवाळीला पुणे-मुंबईच्या मुलींच्या ड्युट्या उचला, कानबाईला त्या तुमच्या उचलतील. मी पुष्कळ वर्षं असंच केलं आणि कानबाई फारशी चुकली नाही.

खरंच सोडायचं असेल तर लेखी राजीनामा द्या, नोटीस पूर्ण करा आणि रिलीव्हिंग लेटरबरोबर अनुभव प्रमाणपत्र घ्या. पंधरा दिवसांत पळून आलात तर तेवढे दिवस गेले आणि पीएफच्या नोंदीत अर्धवट नोकरी राहिली. अनुभव प्रमाणपत्र हातात घेतल्यावर काउंटर सोडण्याआधी वाचा. नाव कौन्सिलच्या नोंदणीत आहे तसंच्या तसं हवं, लग्नानंतरचं नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी. आणि हॉस्पिटल किती खाटांचं आहे हे लिहिलेलं हवंच. एम्सच्या नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या) परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. खाटांचा आकडा नसेल तर तिथेच उभं राहून पत्र बदलून घ्या. गावी परत आल्यावर ते पत्र दुरुस्त करून मागवायला महिने जातात.