खाजणातलं तळं बिघडतं कुठे? कोळंबी आणि जिताडा करताना या चुका टाळा

तळं बिघडलं की माणूस आधी दुकान गाठतो. पाणी गर्द हिरवं झालं, चुना टाक. कोळंबी काठाला आली, प्रोबायोटिकचं पाकीट फोड. वाढ दिसेना, खाद्य वाढव. पेण-अलिबागपासून देवगड-मालवणपर्यंत खाडीकाठी हेच चालतं. शाश्वत मत्स्यशेतीवरचं संशोधन मात्र उलट दिशेला गेलंय: तळ्यात जाणारं कमी करा, मोजणं वाढवा. खालच्या बहुतेक चुका या एका सवयीपाशी येऊन थांबतात.

खाद्य हाताच्या अंदाजाने टाकणं

कोळंबीच्या खर्चातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा खाद्याचा, आणि सगळ्यात ढिला हिशेब तिथेच. ३५ टक्के प्रथिनं असलेल्या एक टन खाद्यात साधारण ५६ किलो नत्र असतं. त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग कोळंबीच्या अंगी लागतो. बाकीचं चाळीसेक किलो पाण्यात आणि गाळात उतरतं. युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या तळ्यात रिकाम्या केल्या, असाच त्याचा अर्थ. भाताच्या एका खाचरात एवढा युरिया कुणी ओतत नाही. तळ्यात मात्र ओततो, आणि मग शेवाळ माजलं म्हणून पाण्याला नावं ठेवतो.

यावर उपाय स्वस्त आहे: चेक ट्रे. ठरलेल्या खाद्याचा थोडा वाटा ट्रेवर ठेवून तो तळ्यात सोडा आणि दोनेक तासांनी उचलून बघा. ट्रेवर उरलं असेल तर पुढची पाळी कमी करा. सलग ढगाळ दिवस असतील किंवा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बरीच कोळंबी कात टाकत असेल, तर ट्रेची वाट न पाहता हात आखडता घ्या. खाद्यवाला पोत्यावरचा तक्ता दाखवील. तो तक्ता सरासरी तळ्याचा असतो, तुमच्या तळ्याचा नसतो.

पहाटे न मोजणं

‘काल संध्याकाळी ऑक्सिजन चांगला होता, सकाळी सगळी कोळंबी वर!’ हे वाक्य तळ्यांवर फार ऐकू येतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेच शेवाळ, गाळ आणि कोळंबी मिळून तो खातात. त्यामुळे सर्वांत कमी आकडा उजाडायच्या थोडं आधी मिळतो, आणि मोजायचं असेल ते तेव्हाच. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर सावध व्हा. ३ च्या खाली कोळंबीवर ताण येतो, खाणं सुटतं आणि रोगाला वाट मिळते. वीजबिल वाचवायला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, रात्री बंद ठेवणारे आहेत. बंदच ठेवायचा असेल तर लख्ख उन्हाच्या दुपारी थोडा वेळ ठेवा, मध्यरात्रीनंतर कधीच नाही.

याच कारणासाठी बायोफ्लॉकच्या, म्हणजे टाकीत दाट मासळी ठेवून तिच्या घाणीवर जिवाणू वाढवायच्या पद्धतीच्या, मोहात पडण्याआधी आपल्या वाडीतली वीज आठवा. त्या पद्धतीत हवा चोवीस तास लागते. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली आणि जनरेटर नसला, तर टाकी काही तासांत रिकामी करावी लागते.

कोणताही चुना, केव्हाही

शेतीचा चुना वेगळा, कळीचा चुना वेगळा. शेतीच्या चुन्याने आणि डोलोमाइटने पाण्याची आम्लता सोसायची ताकद, म्हणजे अल्कलिनिटी, हळू वाढते. कळीचा चुना पीएच झटक्यात वर नेतो, म्हणून त्याची जागा रिकाम्या, कोरड्या तळ्यात. भरल्या तळ्यात तो पडला की खरा घात अमोनिया करतो. आपल्याकडच्या तापमानाला पीएच ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग दहा टक्क्यांच्याही आत असतो. पीएच ९ झाला की तो तिसऱ्या हिश्श्याच्याही वर जातो. पाण्यात नवीन काही घाण आली नाही, फक्त चुना आला, आणि कोळंबी मरायला लागली, असं दिसतं ते यामुळे. दुपारी पीएच आधीच चढलेला असतो, तेव्हा तर चुन्याच्या पोत्याला हातच लावू नका.

पहिल्या मोठ्या पावसात उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) सताड उघडणं

हे खास कोकणातलं दुखणं. आंध्रातल्या तळ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिका इथे कमी पडतात, कारण आपल्याकडे वर्षाचा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली दबून राहतं आणि त्याला हवा मिळत नाही. वर सगळं छान दिसतं, तळाशी गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्याचा वास मारतो.

अशा वेळी उघाडीच्या फक्त वरच्या फळ्या काढा, म्हणजे वरचा गोडा थर निघून जाईल. मग एरेटर लावून उरलेलं पाणी ढवळा. पूर्ण उघाडी भरतीच्या वेळी उघडली तर खाडीतलं गढूळ, गोडं पाणी आत येतं आणि होता तो खारेपणाही जातो. पावसाने अल्कलिनिटीही उतरते, कवच मऊ राहतं, आणि मऊ कोळंबीला बाकीच्या कोळंब्या सोडत नाहीत. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घरात असावा. जिभेची चव पुरेशी नाही.

रोगावर प्रतिजैविक

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याने भारतातली टायगर कोळंबी झोपवली. त्यावर तेव्हा औषध नव्हतं, आजही नाही. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यशेतीत बंदच आहेत; त्यांचा अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो. बचाव सगळा आधीचा आहे. पीसीआर तपासणी (विषाणूचा अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) झालेलं बीज घ्या, खाडीत पकडलेलं स्वस्त बीज नको. तळ्यात येणारं पाणी गाळून घ्या. चिंबोऱ्या रोग वाहून आणतात, म्हणून बांधाला त्यांच्यासाठी कुंपण करा.

कोळंबी मरत नाही, फक्त वाढत नाही आणि पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे धागे तरंगतात, तेव्हा ईएचपी नावाच्या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्या. हा परजीवी गाळात टिकून राहतो. पुढचं पीक वाचवायचं तर तळं पूर्ण सुकवून, नांगरून, कळीचा चुना घालून माती ओलवावी लागते. सुकवायला सवड हवी म्हणून वर्षातलं एक पीक सोडून द्यावं लागलं, तरी माझ्या मते ते परवडतं.

जिताडा एकत्र वाढवणं

रायगडात शेताकडेच्या तळ्यात जिताडा वाढवायची रीत जुनी. बीज आता खाडीवर अवलंबून नाही: चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत त्याचं प्रजनन करून दाखवलं. पण पिल्लं एकमेकांना खातात. लहान-मोठी एकत्र ठेवली तर तीन महिन्यांनी मोजके गलेलठ्ठ मासे मिळतात आणि बाकीचे ‘मेले असतील’ म्हणून सोडून देतो. ते मेलेले नाहीत, खाल्ले गेलेत. बोटभर असेपर्यंत दर आठवड्याला निवडून वेगळे करा. बारीक ओली मासळी खाऊ घालणं मला तरी पटत नाही. एक किलो जिताड्यामागे ती कितीतरी किलो जाते, आणि तिच्यात समुद्रातल्या चांगल्या माशांची पिल्लं असतात. गोळी खाद्याची सवय लहानपणीच लावा.

जागा आणि शेजार

कांदळवन तोडून तळं खणणं हा गुन्हा आहे. २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश त्याच्या आड आहेत. पण ते नुकसानीचंही आहे. कांदळवनाखालच्या मातीत अनेकदा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं. ते उघड्या हवेत आलं की गंधकाम्ल होतं, आणि मग चुना कितीही घाला, पाणी आंबटच. शंका असेल तर माती ओलसर ठेवून हवा लागू द्या आणि काही आठवड्यांनी पीएच बघा. ४ पर्यंत घसरला तर ती जागा सोडा.

शेजारी भातशेती असेल तर झिरपणारं खारं पाणी मोठं भांडण लावतं. बांधाच्या बाहेरून खोल चर काढा आणि शेजाऱ्याला पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या खार सोसणाऱ्या जाती सुचवा. बांध मात्र तुम्हीच पक्का करायचा.

काढणीच्या दिवशी तळं एका ओहोटीत खाडीत रिकामं करू नका. सगळ्यात जास्त गाळ शेवटच्या पाचव्या हिश्श्याच्या पाण्यात असतो. तेवढं तरी वेगळ्या खड्ड्यात अडवून निवळू द्या. त्याच खाडीवर खालच्या अंगाला कुणीतरी कालवं किंवा शिनाणे (शिंपल्यांचा एक प्रकार) वाढवत असतं, आणि पुढच्या भरतीला तुमचं पाणीही तिथूनच येणार असतं.