सामायिक ऑनलाइन दप्तर आणि अधिकारवाटप : या चुका टाळा

कोथरूडमधील ज्या गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर मी काम करतो, तिच्या गूगल ड्राइव्हवरील फोल्डरमधून एका पावसाळ्यात सात वर्षांची इतिवृत्ते नाहीशी झाली. चोरी झाली नव्हती आणि कोणी खोडसाळपणाही केला नव्हता. पद सोडलेल्या सेक्रेटरींच्या खात्यातील विनामूल्य १५ जीबी जागा भरली, म्हणून त्यांनी जुन्या फायली काढून टाकल्या. त्या फायली आमच्या दृष्टीने सोसायटीच्या असल्या, तरी गूगलच्या लेखी त्यांच्या मालकीच्या होत्या. मालकाने कचरापेटीत टाकलेली फाइल तेथे ३० दिवस राहते आणि तोवर इतरांना ती उघडता येत असल्यामुळे आमच्यापैकी कोणाच्याच काही लक्षात आले नाही. मुदत संपली आणि फायली कायमच्या गेल्या. तेव्हापासून ओळखीच्या सोसायट्या, गणेशोत्सव मंडळे आणि भोसरीतील एक-दोन लहान कारखाने यांच्या सामायिक फोल्डरांची घडी बसवून देण्याचे काम मी करीत आलो आहे, आणि सर्वत्र त्याच त्या चुका आढळतात. पुढील विवेचन गूगल ड्राइव्हला धरून केले आहे, कारण पुण्यातल्या लहान संस्था बहुधा तेच वापरताना दिसतात.

मालकी व्यक्तीकडे ठेवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये जुन्या पदाधिकाऱ्यांनी संस्थेचे दप्तर नव्यांच्या स्वाधीन करावयाचे असते आणि कागदी दप्तराच्या बाबतीत लोक ते काटेकोरपणे करतातही. सभासदांच्या आय आणि जे नमुन्यातील नोंदवह्या, पावतीपुस्तके, मुदतठेवींच्या पावत्या यांची यादी करून सह्या घेतल्या जातात. ऑनलाइन फोल्डर मात्र या यादीत नसतो, कारण तो सर्वांना दिसत असतो आणि दिसते ते आपलेच, असा समज असतो.

वैयक्तिक खात्यात जो फाइल तयार करतो किंवा चढवतो, तोच तिचा मालक ठरतो, मग ती फाइल दुसऱ्याच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली का असेना. फोल्डरची मालकी बदलली म्हणजे आतल्या फायलींची मालकी आपोआप बदलत नाही, आणि हस्तांतरण करूनही जे फसतात ते येथेच फसतात. प्रत्येक फाइल निवडून, शेअरच्या चौकटीत नव्या व्यक्तीच्या नावापुढील यादीतून मालकी हस्तांतराचा पर्याय घ्यावा लागतो, आणि समोरच्याने तो प्रस्ताव स्वीकारल्यानंतरच हस्तांतर पूर्ण होते.

यावरचा उपाय म्हणजे संस्थेच्या नावाचे स्वतंत्र खाते काढून मूळ फोल्डर आणि त्यातील फायली त्या खात्याच्या मालकीच्या ठेवणे. मात्र वैयक्तिक गूगल खाते दोन वर्षे वापरले गेले नाही, तर ते माहितीसह काढून टाकले जाऊ शकते, म्हणून या खात्यात अधूनमधून प्रवेश करणे आवश्यक आहे. ज्या कार्यालयांनी गूगल वर्कस्पेसचे सशुल्क खाते घेतले आहे आणि ज्यांच्या योजनेत शेअर्ड ड्राइव्हची सोय आहे, त्यांनी तीच वापरावी. तेथील फायली कोणा कर्मचाऱ्याच्या नसून संस्थेच्या असतात आणि माणूस गेला तरी त्या जागेवर राहतात.

सर्वांनाच एडिटर करणे

नवा माणूस आला की त्याला एडिटर करून टाकायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारणा होत नाही, अशी सोय बहुतेक ठिकाणी पाहिली जाते. वास्तविक व्ह्यूअर वाचतो, कॉमेंटर शेरा मारतो, एडिटर बदल करतो, आणि शिवाय एडिटरला दुसऱ्या कोणालाही त्या फायलीत आणण्याची मुभा सुरुवातीपासूनच असते. ही शेवटची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मंडळाच्या वर्गणीच्या तक्त्यात वीस कार्यकर्ते एडिटर असतील, तर दार उघडू शकणारे वीस जण झाले. शेअरच्या चौकटीतील चाकाच्या चिन्हावर जाऊन एडिटरांनी अधिकार बदलण्याची आणि शेअर करण्याची मुभा काढून घेता येते. पैशांचा किंवा व्यक्तिगत माहितीचा संबंध असलेल्या प्रत्येक फायलीत ती काढावीच, असे माझे ठाम मत आहे.

कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणकीय माहितीच्या संरक्षणावरील आपल्या निबंधात मांडले होते. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीतील डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कुन यांनी अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यावा आणि माणसाला त्या भूमिकेत बसवावे, अशी रचना सुचवली. आपल्याकडे हे समजावून सांगणे मुळीच अवघड नाही, कारण खजिनदाराची सही बँकेत चालते ती तो खजिनदार असेपर्यंतच, हे प्रत्येक सभासद जाणतो. ऑनलाइन फोल्डरात हेच साधायचे तर गूगल ग्रुप्समध्ये, म्हणजे अनेकांना मिळून एकच ईमेल पत्ता देणाऱ्या सेवेत, 'समिती', 'हिशेब', 'लेखापरीक्षण' असे गट करावेत आणि फोल्डर व्यक्तींच्या पत्त्यांवर शेअर न करता गटाच्या पत्त्यावर शेअर करावेत. निवडणूक झाली की फक्त गटातील नावे बदलायची, पन्नास फायलींना हात लावण्याचे कारण उरत नाही. गट तयार करताना त्यात कोण सामील होऊ शकते ही सेटिंग मात्र तपासावी. कोणालाही सामील होता येत असेल, तर पुढची सारी काळजी वाया गेली.

लिंक खुली सोडणे

घाईच्या वेळी 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडला जातो आणि लिंक व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जाते. सभेची सूचना किंवा आरतीचे वेळापत्रक असेल, तर त्यात काही बिघडत नाही. पण त्याच फोल्डरात भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीसाठी घेतलेल्या आधार कार्डांच्या प्रती, सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि थकबाकीची यादीही असते, आणि वरच्या फोल्डरला दिलेला प्रवेश खालच्या सर्व फोल्डरांत उतरतो. लिंक पुढे कोणाकोणाकडे गेली याचा माग लागत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. पण शेजाऱ्याने विश्वासाने हाती दिलेले आधार कार्ड जपण्यासाठी दंडाची भीती लागू नये, असे मला मनापासून वाटते.

लिंक पुन्हा मर्यादित केली, तरी पूर्वी नावाने जोडलेल्या व्यक्तींचा प्रवेश कायम राहतो, म्हणून ती यादीही त्याच बैठकीत वाचून काढावी. गोपनीय कागद सर्वसाधारण फोल्डरच्या पोटात न ठेवता त्याच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत.

लपवलेल्या पानावर विश्वास ठेवणे

भोसरीतील एका कारखान्यात हजेरी आणि पगार एकाच गूगल शीटमध्ये होते. पगाराचे पान लपवलेले होते आणि काही रकाने संरक्षित केलेले होते, त्यामुळे मालक निश्चिंत होते. प्रत्यक्षात एडिटर असलेल्या प्रत्येक सुपरवायझरला लपवलेले पान एका क्लिकवर पुन्हा दाखवता येत होते, शिवाय संपूर्ण शीटची प्रत काढता येत होती. रकाने संरक्षित करणे हे चुकून होणाऱ्या बदलांपासूनचे रक्षण आहे, सुरक्षेचा उपाय म्हणून ते वापरू नये, असे खुद्द गूगलही सांगते.

अशा वेळी पगाराची शीट स्वतंत्र करून, हजेरीपुरती माहिती 'इम्पोर्टरेंज' या सूत्राने दुसऱ्या शीटमध्ये आणण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला अर्धाच बरोबर आहे. एका शीटला दुसरीतून माहिती घेण्याची परवानगी एकदा मिळाली, की माहिती घेणाऱ्या शीटचा कोणताही एडिटर सूत्रातील पत्ता बदलून मूळ शीटच्या कुठल्याही भागातील मजकूर ओढू शकतो. म्हणून माहिती वाहू द्यायची ती कमी गोपनीय शीटमधून अधिक गोपनीय शीटकडेच. हजेरीची शीट सुपरवायझरांकडे राहू द्यावी, आणि पगाराच्या शीटने, जी फक्त मालक आणि लेखापाल उघडतात, हजेरीच्या शीटमधून माहिती घ्यावी. त्या कारखान्यात आम्ही दोन शीट वेगळ्या करून हीच दिशा ठेवली, आणि तेवढ्यानेच प्रश्न सुटला.

एकच ॲडमिन, तोही एकाच मोबाइलवर

संस्थेच्या खात्याचा ओटीपी एका व्यक्तीच्या मोबाइलवर जातो आणि ती व्यक्ती नेमकी चारधामला गेलेली असते. वर्कस्पेसमध्ये सर्वाधिकार असलेले किमान दोन ॲडमिन असावेत. वैयक्तिक खात्यात दुहेरी पडताळणी सुरू केल्यावर ओटीपीऐवजी वापरता येणाऱ्या आठ अंकी बॅकअप कोडांचा दहाचा संच मिळतो आणि त्यातील प्रत्येक कोड एकदाच चालतो. तो संच छापून, पाकिटात घालून, मुदतठेवींच्या पावत्या जेथे असतात त्याच कपाटात ठेवावा.

गेलेल्या माणसाचा प्रवेश

लेखापरीक्षकाला दिलेला प्रवेश अहवाल आल्यावर काढला जात नाही, प्रशिक्षणार्थी निघून जातो आणि त्याचे नाव यादीत राहते. वर्कस्पेसच्या काही योजनांत प्रवेशाला अंतिम तारीख घालता येते. ज्यांच्याकडे ती सोय नाही, त्यांनी ३१ मार्चला हिशेब बंद केल्यानंतर एकदा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा यादी तपासावी.

कर्मचारी सोडून गेला की उत्साहाच्या भरात त्याचे खाते लगेच डिलीट करू नये. आधी ते निलंबित करावे, त्याच्या ड्राइव्हमधील फायली दुसऱ्याच्या नावे कराव्यात आणि मगच काढावे. चुकून काढले गेलेच, तर ॲडमिनला ते २० दिवसांच्या आत परत आणता येते, त्यानंतर नाही.

अडले तर कोठे पाहावे

'मला प्रवेश नाही' अशी तक्रार आली, तर अधिकार बदलण्यापूर्वी तक्रारदाराला स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील खाते पाहायला सांगावे. एकाच ब्राउझरमध्ये कंपनीचे आणि घरचे अशी दोन खाती उघडी असतात आणि माणूस भलत्याच खात्यातून दार ठोठावत असतो. अशा वेळी आलेली प्रवेशाची विनंती न पाहता मंजूर केली, की एकच व्यक्ती यादीत दोन पत्त्यांनी बसते, आणि पुढे तिचा एक प्रवेश काढला तरी दुसरा शिल्लक राहतो.

एडिटर असूनही कोणालाच काही लिहिता येत नसेल, तर मालकाच्या खात्याची जागा तपासावी. ती मर्यादेपलीकडे गेली, की त्याच्या फायलींमध्ये इतरांनाही बदल करता येत नाहीत. एकाच व्यक्तीला अडचण येत असेल, तर तो रकाना संरक्षित आहे का, हे पाहावे.

फाइल दिसेनाशी झाली, तर फोल्डरच्या तपशिलातील ॲक्टिव्हिटीचा भाग उघडावा, तेथे कोणी काय हलवले किंवा काढले याची नोंद असते. एडिटरने सामायिक फोल्डरमधून काढलेली फाइल नष्ट झालेली नसते, ती मालकाच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये जाते, त्यामुळे मालकाने नावाने शोध घेतल्यास ती बहुधा सापडते. मालकानेच ती काढली असेल, तर मात्र त्याला त्याच दिवशी फोन करून कचरापेटीतून परत आणायला सांगावे, आणि तो भेटेपर्यंत फाइल उघडत असल्यास तिची प्रत आपल्या खात्यात काढून ठेवावी.